आधी पागा, मग घोडा

"त्यांच्या दारात गाडी आहे," असे आपण मराठीत सहज म्हणतो. नुसती गाडी आहे एवढे सांगून आपले समाधान होत नाही. ती दारात आहे, हे सांगावे लागते. एके काळी दारात हत्ती झुलत, मग घोडे आले, मग टांगा आला आणि आता मोटार. पण या वाक्यातल्या 'दारात' या शब्दापाशी क्षणभर थांबू या. दार घरमालकाचे असते. उंबरठाही त्याचाच. उंबरठ्यापलीकडे, जिथे ती गाडी प्रत्यक्षात रात्रभर उभी असते, ती चार मीटर लांबीची जमीन कोणाची?

ती रस्त्याची, म्हणजे गावाची. हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि कोणालाच मान्य नाही. पुण्यातल्या कोणत्याही जुन्या पेठेत फेरी मारा. घरासमोर सिमेंट भरलेले पत्र्याचे डबे ठेवलेले दिसतील, कुठे दोन विटांवर आडवी फळी, कुठे कुंडी, कुठे मोडकी खुर्ची. भिंतीवर रंगवलेले असते, 'येथे वाहन लावू नये, लावल्यास हवा सोडली जाईल.' फाटक अडवून गाडी लावू नये, असा नियम आहेच. पण फाटक सोडून भिंतीलगतच्या रस्त्यावर हक्क सांगणारी पाटी लावण्याचा अधिकार घरमालकाला कोणत्याही कायद्याने दिलेला नाही. आणि ज्याच्या चाकातली हवा जाते, त्यालाही तिथे रात्रभर गाडी ठेवण्याचा हक्क कोणी लिहून दिलेला नाही. जे दोघांचेही नाही, त्यावरून दोघे भांडत असतात.

पार्किंगचा इतिहास सांगायला बसले की निनेवेच्या सेनाखेरिब राजाचा दाखला हमखास दिला जातो. ख्रिस्तपूर्व सातव्या शतकात या अ‍ॅसिरियन राजाने राजरस्त्यावर वाहन उभे करणाऱ्याला सुळावर चढवण्याची शिक्षा ठेवली होती, म्हणतात. गोष्ट चांगली आहे, पण त्या शिलालेखात गाडी नाही, घर आहे. जो आपले घर पुढे सरकवून राजरस्त्यावर आणील, त्याला त्याच्याच घरावर सुळी द्यावे, असा तो हुकूम आहे. म्हणजे तो पार्किंगचा नसून अतिक्रमणाचा कायदा. मात्र दोन्हींतला फरक वाटतो तितका मोठा नाही, हे पुढे लक्षात येईल.

खऱ्या अर्थाने आपल्या प्रश्नाला हात घालणारा खटला उभा राहिला तो १८१२ साली, लंडनमध्ये. चेरिंग क्रॉस हा तेव्हाही गजबजलेला भाग. तिथून उतारू नेणाऱ्या घोडागाड्यांचा एक मालक आपल्या गाड्या भर रस्त्यात बराच वेळ उभ्या ठेवी. उतारू मिळेपर्यंत गाडी हलायची नाही. त्याच्यावर रस्ता अडवल्याचा आरोप आला. न्यायाधीश लॉर्ड एलनबरो यांनी निर्वाळा दिला, त्याचा मथितार्थ असा : उतारू चढवण्या-उतरवण्यापुरते थांबायला कोणाची हरकत नाही, परंतु राजरस्ता हा कोणाच्या घोड्यांचा तबेला नव्हे. रस्ता जाण्यायेण्यासाठी असतो. थांबणे हा त्या जाण्यायेण्याचाच भाग असेल, तेवढेच क्षम्य. मुक्काम करायचा असेल तर तो स्वतःच्या जागेत करावा.

आपल्याकडे हे कोणाला शिकवावे लागत नव्हते. ज्याच्याकडे घोडा, त्याच्याकडे पागा. मोठ्या वाड्याला पागा असे, लहान घराच्या परसात गोठा असे, बैलगाडी अंगणात सोडली जाई. जनावर रात्रभर रस्त्यावर बांधून ठेवणे परवडणारेच नव्हते. त्याला दाणावैरण लागे, पाणी लागे, राखण लागे. मोटारीचे वेगळे झाले. तिला रात्री काहीच लागत नाही. ती मुकाट्याने पावसात उभी राहते. त्यामुळे पागेचा खर्च मालकाच्या हिशेबातून कधी गळून पडला, ते कोणाच्या ध्यानातही आले नाही.

कायद्याच्याही आले नाही. १८६० च्या भारतीय दंड संहितेत सार्वजनिक वाट अडवणाऱ्याला २८३ व्या कलमाखाली २०० रुपयांपर्यंत दंड सांगितला होता. तेव्हा २०० रुपयांत काय काय येत असेल, याचा विचार करा. तो आकडा पुढे दीडशेहून अधिक वर्षे तसाच राहिला. जुलै २०२४ मध्ये भारतीय न्याय संहिता लागू झाली तेव्हा कुठे हे कलम २८५ वे झाले आणि दंडाची मर्यादा ५,००० रुपयांवर गेली.

मोटार जिथे सर्वांत आधी घरोघरी पोचली, त्या अमेरिकेत काय झाले, ते थोडक्यात पाहू. तिथल्या अनेक शहरांत रात्रभर रस्त्यावर गाडी ठेवायला पूर्वी बंदी होती. पण गाड्या इतक्या वेगाने वाढल्या की बंदी कागदावर राहिली. १९३५ च्या जुलैत ओक्लाहोमा सिटीत पहिले पार्किंग मीटर बसले. तासाला पाच सेंट. पण तो दिवसाचा, बाजारपेठेचा उपाय होता. रात्रीच्या मुक्कामाचे काय, याचे उत्तर न्यूयॉर्कने १९५० मध्ये वेगळ्याच वाटेने दिले. तिथे प्रश्न आला तो झाडूवाल्यांकडून. रस्ता झाडणारी यंत्रे आली होती, पण कडेला गाड्यांची अखंड रांग असल्यामुळे त्यांना कडेपर्यंत पोचता येईना. म्हणून ठरावीक दिवशी, ठरावीक वेळी रस्त्याची एक बाजू रिकामी करायची, दुसऱ्या दिवशी दुसरी, असा नियम झाला. आजही तिथले गाडीवाले झाडूचे यंत्र येण्याच्या सुमारास गाडीत जाऊन बसतात, ते पुढे गेले की पुन्हा गाडी कडेला लावतात. सणावारी या नियमाला सुट्टी असते आणि त्या सणांच्या यादीत आज दिवाळीही आहे.

आपल्याकडची सम-विषम तारखांची पाटी या नियमाची चुलत बहीण म्हणता येईल. आज या बाजूला, उद्या त्या बाजूला. दोन्हींत एक गोष्ट न बोलता मान्य केलेली असते : गाडी रस्त्यावरच राहणार. वाद उरतो तो फक्त डावीकडे की उजवीकडे एवढाच.

त्यानंतर आले रहिवाशांचे परवाने. वॉशिंग्टनजवळच्या आर्लिंग्टन परगण्यात कचेऱ्यांत येणारे लोक आसपासच्या वस्तीत गाड्या लावून जात. परगण्याने नियम केला की दिवसा त्या रस्त्यांवर परवाना असलेल्या रहिवाशांनीच गाडी लावावी. बाहेरचे लोक कोर्टात गेले : रस्ता सगळ्यांचा असताना हा भेदभाव का? १९७७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने नियम वैध ठरवला. वस्तीतला गोंगाट आणि धूर कमी करणे हा पुरेसा उद्देश आहे, असे म्हटले. पुढे ही पद्धत अनेक शहरांत रुळली. मला मात्र या निकालात ती 'हवा सोडली जाईल'ची पाटीच सरकारी शिक्क्यानिशी दिसते. दारासमोरच्या रस्त्यावर दारवाल्याचा हक्क जरा जास्त, एवढेच त्यात कबूल केले आहे.

याच्या नेमकी उलट वाट एका शहराने धरली. आजच्या बोलण्याचा मुख्य विषय तोच आहे. ते शहर म्हणजे टोकियो.

१९६० च्या सुमाराचे जपान डोळ्यांपुढे आणा. युद्धात बेचिराख झालेले शहर घाईघाईने पुन्हा उभे राहिले होते. गल्ल्या अरुंद, फूटपाथ नाहीत, घरे लाकडी आणि एकमेकांना चिकटून. १९५० च्या बांधकाम कायद्याने घराला लागून किमान ४ मीटर रुंदीचा रस्ता असावा असे ठरवले होते. पण जुन्या वस्त्यांत तेवढाही नसे. देशभरात प्रवासी मोटारी होत्या सुमारे साडेचार लाख, आणि त्यांतल्या बऱ्याचशा कंपन्यांच्या आणि टॅक्सीवाल्यांच्या. तरीही १९५९ साली रस्त्यांवर अपघातात मेलेल्यांची संख्या १०,००० च्या वर गेली होती आणि वर्तमानपत्रे 'वाहतुकीचे युद्ध' असा शब्द वापरू लागली होती. १९६४ चे ऑलिंपिक तोंडावर आले होते. आणि मोटार-कारखाने सामान्य माणसाला परवडेल अशा लहान गाड्या बाजारात आणू लागले होते. पुढे काय येणार आहे, ते दिसत होते.

गॅरेज नसलेल्या गाड्या रस्त्याकडेला उघड्यावर उभ्या असत. जपानी लोकांनी त्याला मोठे काव्यमय नाव दिले, 'निळ्या आभाळाखालचे पार्किंग'. नाव सुंदर, पण अशा दोन गाड्या समोरासमोर उभ्या राहिल्या की आगीचा बंब गल्लीत शिरत नसे. लाकडी घरांच्या शहरात ही गोष्ट किरकोळ नव्हती.

१९६२ च्या जूनमध्ये जपानच्या संसदेचा एक कायदा जाहीर झाला. त्याचे नाव लांबलचक आहे. लोक त्याला गॅरेजचा कायदा म्हणतात. त्याचे सार एका वाक्यात येते : गाडी ठेवायला स्वतःची किंवा भाड्याची जागा आहे, हे दाखवल्याखेरीज गाडीची नोंदणी होणार नाही. आणि रस्ता ही 'जागा' धरली जाणार नाही. आधी पागा, मग घोडा.

यातली कामाची गोष्ट पुढची आहे. जागा आहे असे नुसते म्हणून चालत नाही. गाडी घेणाऱ्याने पोलीस ठाण्यात अर्ज करायचा. सोबत घर आणि ती जागा दाखवणारा नकाशा, जागेची लांबी-रुंदी मांडलेले रेखाचित्र, समोरच्या रस्त्याची रुंदी, आणि जागा आपली असल्यास तसे स्वतःचे निवेदन, दुसऱ्याची असल्यास मालकाची लेखी संमती. मग तपासणीला माणूस येतो आणि जागा पाहतो. गाडी तिथे पूर्ण मावते का? नाक रस्त्यावर येत नाही ना? रस्त्यावरून आत-बाहेर करता येते का? त्याच जागेवर दुसऱ्या गाडीचा दाखला आधीच दिलेला नाही ना? सगळे जुळले की काही दिवसांत दाखला मिळतो, आणि तो घेऊनच नोंदणीला जायचे. ही जागा घरापासून मूळ नियमात ५०० मीटरच्या आत असावी लागे. १९९१ मध्ये ते अंतर २ किलोमीटर केले.

दुसरी बाजूही कायद्याने बांधली. रस्त्यावर एकाच ठिकाणी सलग १२ तास, किंवा रात्रीच्या वेळी ८ तास गाडी ठेवणे हा गुन्हा ठरला. रस्त्याचा गॅरेजसारखा वापर करणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा २ लाख येनपर्यंत दंड अशी आज तरतूद आहे. त्याआधीच, १९६० च्या वाहतूक कायद्यात एक साधे मोजमाप आले होते : गाडी उभी केल्यावर तिच्या उजवीकडे निदान साडेतीन मीटर रस्ता मोकळा उरत नसेल, तर तिथे गाडी लावता येणार नाही. जपानमध्येही आपल्यासारखीच डाव्या बाजूने वाहतूक चालते, तेव्हा उजवीकडे म्हणजे रस्त्याच्या मधल्या बाजूला. आता गाडीची रुंदी त्यात मिळवून पाहा. पाच मीटरपेक्षा अरुंद गल्लीत पाटी लावायचीही गरज उरत नाही. गल्लीच नाही म्हणते.

हा कायदा चालला, याचे कारण जपानी लोक उपजत शिस्तीचे, असे सांगण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मला ते पटत नाही. चालला, कारण तो वेळेवर आला. १९६२ मध्ये ज्यांच्या गाड्या होत्या ते थोडे होते आणि ज्यांच्या पुढे होणार होत्या त्यांना अजून काही गमवायचे नव्हते. टोयोटाची कोरोला आणि निसानची सनी बाजारात आली ती १९६६ साली. मोटार, वातानुकूलन यंत्र आणि रंगीत टीव्ही ही मध्यमवर्गाची तीन स्वप्ने झाली तीही त्याच सुमारास. १९७० पर्यंत प्रवासी मोटारी ऐंशी लाखांच्या पुढे गेल्या. या ऐंशी लाखांतल्या बहुतेकांनी गाडीच्या किमतीबरोबर जागेचाही हिशेब मांडला होता, कारण मोठ्या शहरांत तो मांडल्याशिवाय गाडी मिळतच नव्हती. तोच कायदा दहा वर्षे उशिरा आणला असता, तर या लाखो लोकांना हक्क काढून घेतल्यासारखे वाटले असते.

शिस्तीचे म्हणाल, तर पळवाटाही तिथे भरपूर निघाल्या. ज्या गावात दाखला लागत नाही, तिथला पत्ता दाखवून गाडी नोंदवायची आणि वापरायची टोकियोत, या युक्तीला तिथे 'गॅरेज उडवणे' असा खास शब्द आहे. एकदा दाखला मिळाला की भाड्याची जागा सोडून देणारेही होते. सर्वांत लहान वर्गातल्या गाड्या सुरुवातीला कायद्याबाहेरच होत्या. १९८० नंतरच्या भरभराटीच्या काळात टोकियोच्या रस्त्यांवर गाड्या पुन्हा दुतर्फा दिसू लागल्या. म्हणून १९९१ पासून दुरुस्त्या लागू झाल्या : मोठ्या शहरांत लहान गाड्यांनाही जागा कळवणे आले, मागच्या काचेवर दाखल्याचे गोल चिकटपत्र लावणे आले. २००६ च्या जूनपासून पोलिसांनी हे काम खासगी निरीक्षकांवर सोपवले. हिरवट गणवेशातली ही माणसे जोडीने फिरतात, उभ्या गाडीचा फोटो घेतात आणि नोटीस चिकटवतात. चालक पुढे आला नाही, तर दंड गाडीच्या मालकावर चढतो. हे सुरू झाल्यावर दुकानांत माल पोचवणाऱ्या कंपन्यांनी गल्लीबोळांसाठी हातगाड्या आणि सायकली काढल्या.

पागेची गरज निर्माण झाली की पागा भाड्याने देणारेही येतात. टोकियोत दोन घरांमधल्या बोळात, पाडलेल्या घराच्या जागी, देवळाच्या आवारात मासिक भाड्याचे पार्किंग दिसते. मध्यवस्तीत एका गाडीला महिन्याला काही दहा हजार येन पडतात. अशा प्रत्येक जागेवर 'मासिक भाड्याने' या अर्थाची जुन्या वळणाची दोन अक्षरे असतात. लहानपणी ही अक्षरे चुकीची वाचून, देशभर जागा असलेली ही कोणती एवढी श्रीमंत कंपनी, असे वाटायचे, हा तिथला जुना विनोद आहे. अर्थात सगळे गोड नाही. एवढी महागडी जमीन गाड्यांखाली गेली, आणि मोटारींना लागलेला लगाम सायकलींना नव्हता. स्टेशनांबाहेर सायकलींचे असे ढीग पडू लागले की १९८० मध्ये त्यांच्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. पण गल्ली मोकळी राहिली. फूटपाथ नसलेल्या त्या गल्ल्यांतून लहान मुले आजही शाळेत चालत जातात, आणि लोक घराबाहेर कुंड्या ठेवतात त्या जागा अडवायला नव्हे, फुलांसाठी.

आता आपल्याकडे येऊ. २०१८ साली पुणे महापालिकेने पार्किंगचे धोरण मंजूर केले. रस्त्यावर गाडी लावायला पैसे द्यायचे, या कल्पनेनेच शहरात वादळ उठले आणि धोरण आधी पाच रस्त्यांपुरते अजमावायचे ठरले. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका जनहित याचिकेच्या सुनावणीत, जागा नसताना एका कुटुंबाला चार-पाच गाड्या कशाला, असा प्रश्न केला. आणि मे २०२५ मध्ये राज्याच्या परिवहन मंत्र्यांनी, पार्किंगच्या जागेचा पुरावा नसेल तर नव्या गाडीची नोंदणी करू नये, अशी कल्पना मांडली. म्हणजे १९६२ चे टोकियो आपल्या दाराशी येऊन उभे राहिले, पण आपल्या १९६२ ला नव्हे.

अडचणी उघड आहेत. जपानचा कायदा मोटारींचा आहे, दुचाकींना तो लागू नाही. पुण्यासारख्या दुचाकींच्या शहरात अर्धा प्रश्न तिथेच कायद्याबाहेर राहील. दुसरे, जागा कोणाची हेच आपल्याकडे धड ठरलेले नाही. इमारतीखालचे खांबांमधले किंवा मोकळ्या आवारातले पार्किंग बिल्डर स्वतंत्रपणे विकू शकत नाही, ती सोसायटीची सामाईक जागा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये मुंबईच्याच एका प्रकरणात स्पष्ट केले. तरी पैसे मोजून 'माझे पार्किंग' घेतलेले लोक प्रत्येक सोसायटीत आहेत आणि वार्षिक सभेत सर्वांत मोठा आवाज त्याच विषयावर चढतो. अशा जागेचा दाखला कोणी कोणाला द्यायचा? आणि गिरगावातल्या चाळीत किंवा शनिवारातल्या वाड्यात, जिथे जागा कधी नव्हतीच, तिथल्या मुलाने पहिली गाडी घेऊच नये काय? 'आम्ही आधी आलो म्हणून आमची गाडी रस्त्यावर, तू नंतर आलास म्हणून तू जागा दाखव,' हे त्याला कोणत्या तोंडाने सांगायचे? मला वाटते, त्याला सांगण्याआधी आधीपासून रस्त्यावर असलेल्या गाड्यांकडून त्या जमिनीचे भाडे घ्यावे लागेल. भाडे थोडे असले तरी चालेल, पण ती जमीन फुकट नाही हे त्यातून कळले पाहिजे. पुण्यातले २०१८ चे वादळ नेमके याच शब्दावरून उठले होते.

हा विषय मी निवडला, त्याला एक कारण घडले. आमच्या गल्लीत एका रात्री शेजारच्या काकूंना छातीत दुखू लागले. रुग्णवाहिका लवकर आली, पण कोपऱ्यावरच थांबली. दुतर्फा गाड्या होत्या. त्यांत एक माझीही होती. काकूंना खुर्चीत बसवून चौघांनी कोपऱ्यापर्यंत नेले. त्या वाचल्या, आता बऱ्या आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेप घेऊन गल्ली मोजली. माझी गाडी उभी असताना समोरच्या गाडीपर्यंत अंतर भरले दोन मीटर वीस सेंटिमीटर.

एप्रिल २०२५ पासून जपानने मागच्या काचेवरचे ते गोल चिकटपत्र बंद केले. कोणत्या गाडीची जागा कुठे आहे, हे पोलिसांच्या संगणकात दिसतेच, मग काचेवर कशाला, एवढेच कारण. दाखला मात्र कायम आहे. नवी गाडी घेणाऱ्याच्या घरी तपासणीचा माणूस अजूनही येतो आणि जागा डोळ्यांनी पाहून जातो.